पाचवी पुडी

१

रिटायर झाल्यावर मी एकच गोष्ट ठरवली होती. आता कुठल्याही कागदाकडे संशयाने बघायचं नाही. अठ्ठावीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत तेच केलं होतं. बनावट सह्या, खाडाखोड केलेली मृत्युपत्रं, मेलेल्या माणसांच्या नावाने लिहिलेली पत्रं. डोळे दमले होते. माणसांचाही थोडा कंटाळा आला होता, पण तो बोलून दाखवायचा नसतो.

नांदेडला दोन खोल्यांत मी एकटी राहते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ड्रेसिंग करायला समीक्षा सोनकांबळे नावाची नर्स घरी यायची. हाताची हलकी आणि कामापुरतं बोलणारी मुलगी. शेवटच्या ड्रेसिंगच्या दिवशी तिने पट्टी बांधली, हात धुतले आणि दारापाशी थांबली.

"मॅडम, तुम्ही कागद तपासायच्या ना? एक बघता का?"

"नाही," मी म्हणाले.

ती गेली नाही. मोबाइल माझ्यासमोर धरून उभी राहिली. फोटोत एक तपकिरी पडलेली चिठ्ठी होती.

'दवाखाना, उदगीर, जि. लातूर. ता. ९ ऑगस्ट १९७४. वडमाळ येथील पाच विहिरींकरिता परमँगनेटच्या पाच पुड्या मिळाल्या.' खाली सही, लिंबाजी सोनकांबळे.

"लिंबाजी माझे आजोबा," ती म्हणाली. "डॉक्टर राघवेंद्र बिदरकरांकडे कंपाउंडर होते. चौऱ्याहत्तर साली जळकोटजवळ आमच्या वडमाळला कॉलरा आला. डॉक्टरांनी विहिरींत टाकायला लाल दवा पाठवली. गावातल्या चार विहिरींत ती पडली, पण आमच्या वस्तीच्या विहिरीत पडली नाही. वस्तीत नऊ जण गेले, मॅडम. त्यात आजोबांची तीन वर्षांची मुलगी पण होती. सगळ्यांनी आजोबांनाच धरलं. वरच्या लोकांच्या विहिरी आधी केल्या आणि आपल्या लोकांची पुडी हरवून बसला, असं म्हणाले. आजही म्हणतात."

डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती. येत्या रविवारी उदगीरला त्यांची जन्मशताब्दी होती. त्यानिमित्त निघालेल्या पुस्तिकेत 'डॉक्टरांनी वडमाळच्या सर्व विहिरी शुद्ध केल्या' असं वाक्य होतं. ते दुरुस्त करा, असं पत्र समीक्षाने समितीला लिहिलं. उत्तर म्हणून समितीने ही चिठ्ठी शोधून काढली आणि फ्रेम करून भिंतीवर लावली.

"आजोबांना पाच पुड्या मिळाल्याच नव्हत्या ना? मग तसं सांगा. चिठ्ठी खोटी आहे म्हणा," मी म्हणाले.

समीक्षाने मोबाइल बंद केला.

"तीच तर अडचण आहे, मॅडम. आजोबा म्हणतात, सही माझीच आहे."

२

नाही म्हटलं होतं, तरी वडमाळला जायला मी कंधारवरून जळकोटची एसटी पकडली. गुडघा रस्ताभर बोलत होता. समीक्षा सोबत होती.

लिंबाजी सोनकांबळे पत्र्याच्या सावलीत चटईवर बसले होते. वय सत्त्याहत्तर. पांढरा सदरा, वरचं बटण लावलेलं. त्यांच्या पत्नी धुरपताबाई भिंतीला टेकून शेंगा फोडत होत्या.

मी परमँगनेटचं नाव काढलं आणि म्हातारा एकदम कंपाउंडर झाला.

"लई कामाची चीज व्हती बाई ती. काळे खडे, पान्यात टाकले की जांभळे. जखम धुवा, गुळन्या करा, पाय चिघळला तर बुडवून बसा. कुनी अफू खाल्ली तर पोट धुवायला तीच. त्याच्याबी आधी लोक साप चावल्यावर जखम कापून आत खडे चोळायचे. त्यानं मानूस वाचत नव्हता, पाय तेवढा सडायचा. डॉक्टरसायबांनी ते बंद केलं. अन् साथ आली की विहिरीत. सांजच्याला टाकायची. सकाळी पानी गुलाबी दिसलं तर विहीर साफ झाली म्हनायची."

"आणि त्या दिवशी?"

त्यांनी हात मांडीवर ठेवले. त्यांचं बोलणं मंदावलं.

"ब्लीचिंगची गाडी पुरात अडकली व्हती. दवाखान्यात परमँगनेट थोडंच व्हतं. आदल्या दिवशी सांजच्याला मी सोता तोलून पाच पुड्या बांधल्या अन् टेबलावर ठेवल्या. सकाळी डॉक्टरसायेब म्हनले, उचल अन् निघ. मी पिशवीत टाकल्या. सायकलीवर वडमाळला आलो. चार विहिरी केल्या. पिशवीत हात घातला तर पाचवी न्हाई."

"टेबलावरून किती उचलल्या होत्या?"

"तवा मी म्हनलो, चारच व्हत्या. लोक म्हनले, तूच पाच बांधल्या म्हनतोस, मग चार कशा झाल्या? डॉक्टरसायेब काहीच बोलले न्हाईत." त्यांनी सदऱ्याचं बटण चाचपलं. "पन्नास वर्सं झाली बाई. आता मलाच भरवसा वाटंना. पाच घेतल्या आसतील. वाटंत पडली आसंल. सही तर माजीच दिसती."

"चिठ्ठी लिहून दिल्याचं आठवतं?"

"न्हाई."

धुरपताबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "हे कामावर राहिले त्यांच्याकडंच," त्या म्हणाल्या. "लेक गेली तरीबी. बावीस वर्सं. त्या डॉक्टरनं ह्यांना कधी उलटा सबुद बोलला न्हाई. एवढी मोठी चूक केलेल्या मानसाला कुनी रागवत न्हाई का, बाई? मी लई डाव इचारलं ह्यांना. हे नुसते गप."

अठ्ठावीस वर्षांत मला खोटं बोलणारे पुष्कळ भेटले. स्वतःच्या आठवणीवर विश्वास न राहिलेला माणूस मात्र पहिल्यांदाच भेटत होता. त्याला खोटा ठरवणं सोपं होतं. तो स्वतःच तयार होता.

३

उदगीरला डॉक्टरांच्या घरातली पुढची खोली अजून दवाखान्यासारखी ठेवली होती. काचेचं कपाट, तोलायचा काटा, भिंतीवर डॉक्टरांचा फोटो. त्याच्याशेजारी फ्रेममध्ये चिठ्ठी.

डॉक्टरांचा नातू यज्ञेश, वय पस्तीस, शताब्दीची सगळी धावपळ करत होता. त्याने मला खुर्ची दिली, पंखा लावला. वागायला मुलगा वाईट नव्हता.

"मावशी, तपासा ना बिनधास्त. आजोबांच्या पेटीत सापडली. माझ्या जन्माआधीची गोष्ट, मला काय माहीत? पण आजोबांनी हजारो माणसं वाचवली. एका पुडीवरून त्यांचं नाव खराब व्हावं का, तुम्हीच सांगा."

"पेटी कुणाच्या ताब्यात होती?"

"आत्याच्या."

आत्या म्हणजे डॉक्टरांची मुलगी, चंद्रप्रभाताई. पंच्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, अविवाहित. त्यांनी चहा आणला. दवाखान्यात पूर्वी असायचा तसा पांढरा इनॅमलचा ट्रे होता आणि त्याच्या आतल्या कडेने एक तपकिरी रेघ गोल फिरली होती. कप त्यांनी माझ्या हातात दिला नाही. ट्रेच माझ्यापुढे धरून ठेवला.

त्या फार नेमकं बोलत होत्या. यज्ञेश आजोबांबद्दल काही सांगू लागला की त्या तारीख दुरुस्त करायच्या. मी नोकरीबद्दल विचारलं.

"एकाहत्तर साली लागले. तेव्हा आम्ही उस्मानाबाद जिल्हा परिषदेकडे. ब्याऐंशीच्या ऑगस्टात जिल्हा वेगळा झाला, मग माझं सेवापुस्तक लातूरला आलं. निवृत्ती दोन हजार आठ."

"चिठ्ठी तुम्हाला सापडली?"

"पेटीत होती, असं यज्ञेश म्हणतो," त्या म्हणाल्या आणि कप गोळा करू लागल्या.

शताब्दीच्या कामासाठी समितीचे अध्यक्ष चन्नबसप्पा दिवसभर इथेच, मागच्या व्हरांड्यात बसायचे. उदगीरच्या मोंढ्यात त्यांची धान्याची आडत. डावा पाय टबात सोडलेला, टबातलं पाणी गडद गुलाबी. पायाची नखं तपकिरी झालेली.

"शुगरची जखम आहे री," ते म्हणाले. "डॉक्टर लोक नवीन मलमं देतात, पण मला ह्यानंच आराम पडतो. चार महिने झाले."

"वडमाळला तुमची शेती होती म्हणतात."

"होती. बागेत विहीर पण होती. वडील बघायचे. मी तेव्हा हुबळीला शिकायला." त्यांनी पाय हलवला. पाणी डचमळलं. "ती चिठ्ठी भिंतीवर लावा असं मीच म्हणालो. एकदा फैसला झालेला बरा."

आत जाताना मी त्यांच्याकडून एक ओळ लिहून घेतली, चिठ्ठी तपासायला समितीची हरकत नाही म्हणून. ती त्यांनी कानडीत लिहिली.

"मराठी बोलतो, वाचतो. लिहायची सवय नाही," ते म्हणाले. "शाळा कानडी ना आमची."

मी फ्रेम उतरवायला सांगितली. यज्ञेशने ती खिळ्यावरून काढून माझ्यासमोर ठेवली.

४

भिंगातून पहिल्यांदा सही बघितली. सही करणारा माणूस कागद बघत नाही, हात आपोआप जातो. इथे हात चार ठिकाणी थांबला होता, पेन उचलून पुन्हा टेकवलं होतं. कुठल्या तरी जुन्या पगारपत्रकावरची खरी सही खाली ठेवून वरून गिरवलेली. म्हणून लिंबाजींना ती आपलीच वाटली. आकार त्यांचाच होता.

पण एवढ्यावर कुणी ऐकत नाही. थकलेला माणूस पण थांबत थांबत सही करतो, असं म्हणतील.

मी कागद पालथा केला. जुना कागद कडेकडेने जास्त पिवळा पडतो, घडीच्या आत कमी. हा सगळीकडे सारखाच तपकिरी होता, घडीच्या आतसुद्धा.

"लिंबू आहे का घरात?" मी विचारलं.

यज्ञेश हसला. "सरबत करू का, मावशी?"

चंद्रप्रभाताई उठल्या आणि अर्धं कापलेलं लिंबू घेऊन आल्या. मी पाठीमागच्या कोपऱ्यावर एक थेंब सोडला.

तपकिरी रंग आमच्या डोळ्यांसमोर नाहीसा झाला. मिनिटाभरात कोपऱ्यात एक गोल पांढरा डाग उरला. कोऱ्या कागदाइतका पांढरा.

"कागद वयाने पिवळा पडला असेल तर लिंबाने तो गोरा होत नाही," मी म्हणाले. "परमँगनेटच्या पाण्यात बुडवून वाळवला तर मात्र असाच तपकिरी होतो, आणि आंबट लागलं की तो रंग जातो. हा कागद जुना नाही. जुना केलाय."

व्हरांड्यातून चन्नबसप्पा लंगडत आत आले होते. यज्ञेशने त्यांच्या तपकिरी नखांकडे बोट केलं.

"परमँगनेट तर काकांकडेच असतं," तो म्हणाला. "टब भरून!"

५

चन्नबसप्पांचा चेहरा उतरला. त्यांना बोलू दिलं असतं तर त्यांनी बहुतेक आरडाओरडा केला असता. मी त्यांना बसायला सांगितलं. मलाही बसायचं होतं.

"यांनी नाही केलं," मी म्हणाले. "चिठ्ठीचं अक्षर बघा. वर जाड, खाली बारीक, टाकाने गिरवून घोटलेलं जुन्या वळणाचं मराठी. हे मराठी लिहीत नाहीत. आणि यज्ञेश, तुझ्या पिढीचं हे वळणच नाही."

"मग?" तो म्हणाला.

"मग एक अडचण येते. चिठ्ठीवर लिहिलंय, 'जि. लातूर'. चौऱ्याहत्तर साली लातूर जिल्हा नव्हता. उदगीर उस्मानाबादेत होतं. ही चूक तरुण माणूस करेल, कारण त्याने दुसरं काही पाहिलेलंच नाही. पण अक्षर म्हाताऱ्या माणसाचं. आणि तो काळ जगलेला माणूस अशी चूक करणार नाही. त्यातून ज्याचं सेवापुस्तक या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात गेलं, तो तर नाहीच."

मी भिंग खाली ठेवलं.

"चूक करणं शक्यच नाही अशा माणसाने चूक केली असेल, तर ती मुद्दाम केली असणार. चंद्रप्रभाताई, तुम्ही ज्या ट्रेमधून चहा आणला त्याच्या कडेला परमँगनेटची रेघ आहे. घरात दुसरे ट्रे असतील. लिंबूही तुम्ही आधीच कापून ठेवलं होतं. हे कुणीतरी पकडावं अशी तुमची इच्छा होती. बरोबर?"

त्या खुर्चीवर बसल्या. पदराने चष्मा पुसला.

"तीन आठवडे झाले भिंतीवर," त्या म्हणाल्या. "रोज वीस-पंचवीस माणसं बघून जात होती. एकाच्याही लक्षात आलं नाही. मला वाटलं, आता हेच खरं होणार."

"आत्या!" यज्ञेश ओरडला.

"ओरडू नकोस. तूच म्हणालास, तुझं अक्षर आजोबांसारखं आहे, लिहून दे. सही तू गिरवलीस. त्या ट्रेमध्ये कागद तू बुडवलास. लिहिलं मी. हे घर तुझ्या नावावर आहे, यज्ञेश. या वयात मला जायला दुसरी जागा नाही. नाही म्हणायचा धीर झाला नाही. म्हणून जिल्हा चुकीचा लिहिला."

यज्ञेश भिंतीला टेकला. "तुला कधी घराबाहेर काढेन असं वाटलं तुला?" त्याचा आवाज एकदम लहान झाला. "मी फक्त आजोबांचं नाव..."

"तू काढलं नसतंस. पण मला भीती वाटली. दोन्ही खरं आहे."

मी विचारलं, "पाचवी पुडी कुठे गेली, ताई?"

त्यांनी चन्नबसप्पांकडे पाहिलं, मग नजर खाली घातली.

"मी तेव्हा चोवीस वर्षांची. त्या दिवशी पहाटे यांचे वडील जीप घेऊन आले. बागेतल्या विहिरीवर घरचे, गडी, सगळे पाणी पितात, काहीतरी द्या म्हणाले. बाबांनी टेबलावरची एक पुडी त्यांना दिली. मी दारात उभी होते. मी म्हणाले, बाबा, मोजून पाच आहेत. ते म्हणाले, वस्तीची उद्या करू, उद्या माल येईल. माल चौथ्या दिवशी आला."

"आणि लिंबाजींवर ठपका आला तेव्हा?"

"बाबा म्हणाले, मी त्याला कामावरून काढणार नाही. जणू तेवढ्याने फिटतं. शेवटपर्यंत त्याला रागाचा एक शब्द बोलले नाहीत. त्याच्या नजरेला नजर पण देत नव्हते. आणि मी सदतीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं."

चन्नबसप्पांनी दोन्ही हातांनी काठी धरली होती. "आमच्या घरात कुणालाच काही झालं नव्हतं त्या साथीत," ते स्वतःशीच बोलावं तसे म्हणाले. "वडील म्हणायचे, देवाची कृपा."

६

मी माझा अहवाल एका पानात लिहून दिला. त्याने समीक्षाचं समाधान झालं नाही.

"अहवाल कोण वाचणार, मॅडम? वस्तीत सांगायला पाहिजे. ज्यांनी बघितलं त्यांनी."

चंद्रप्रभाताई म्हणाल्या, "मी येते."

रविवारचा कार्यक्रम यज्ञेशने पुढे ढकलला. पाहुण्यांना फोन करताना त्याने कारण काय सांगितलं मला ठाऊक नाही. शनिवारी सकाळी गाडी त्यानेच चालवली. वडमाळला पोचल्यावर तो गाडीतच बसून राहिला. थोड्या वेळाने उतरला आणि गर्दीच्या मागे जाऊन उभा राहिला.

विहारासमोर तीसेक माणसं जमली होती. त्यातल्या बहुतेकांचा जन्म साथीनंतरचा. चंद्रप्रभाताईंनी शाळेत उभं राहावं तसं ताठ उभं राहून सगळं सांगितलं. पहाट, जीप, टेबल, पुडी. वडिलांचं नाव घेतलं, स्वतःचं घेतलं. चिठ्ठी आपण लिहिली तेही सांगितलं. शेवटी लिंबाजींच्या मुलीचं वय सांगितलं.

लिंबाजी चटईवर बसून ऐकत होते. सगळं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजी टेबलावर चारच व्हत्या?"

"चारच होत्या, लिंबाजीभाऊ."

"मी तवाच म्हनलो व्हतो," ते धुरपताबाईंना म्हणाले. "चारच व्हत्या गं."

धुरपताबाईंनी तोंडात पदर धरला. चंद्रप्रभाताई पुढे वाकून काही बोलू लागल्या, पण धुरपताबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"आज नका बोलू, बाई. लई उशीर केला तुमी. मागून कवातरी या."

ताईंनी मान हलवली आणि त्या मागे सरल्या.

तेवढ्यात बायकांमधून एक फार म्हातारी बाई काठी टेकत उठली. समीक्षा माझ्या कानाशी म्हणाली, "गुणाबाई. त्यांचे दोन मुलगे गेले साथीत. आजोबा रस्त्याने दिसले की आजही शिव्या देतात."

गुणाबाई चटईपाशी आल्या. बराच वेळ लिंबाजींकडे बघत राहिल्या.

"लिंब्या," त्या म्हणाल्या, "पन्नास वर्सं मी तुला शिव्या दिल्या. त्याच्यावर दिवस काढले मी. आता कुनाला देऊ?"

लिंबाजींनी चटईवर सरकून जागा केली.

"बस," ते म्हणाले. "पाय दुखत्याल."

गुणाबाई काठी बाजूला ठेवून, त्यांच्या खांद्याचा आधार घेत हळूहळू खाली बसल्या.